लाभपाचमीचं पहिलं गिऱ्हाईक

१९९७ साल. मला तेव्हा एकोणसत्तरावं लागलं होतं. कागदावर माझं वय कमी आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तराने अंदाजाने लिहिलं, आणि तिसरीनंतर त्या कागदाचं मला काम पडलं नाही. आईने सांगितलेलं खरं. एकोणसत्तर.

त्या दिवाळीत मी माझ्या फटफटीवर सुरतेला जाऊन आलो. आमचा अर्धा खानदेश तिथे लूमवर उभा आहे. दिवाळीला नवी पँट घालून गावी येतात आणि सुरतेचं गुणगान गातात. सुरत अशी, सुरत तशी, सुरतेत रस्त्यावर जेवून घ्यावं. जे गेले नाहीत ते तोंड उघडं ठेवून ऐकतात. त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. एकाने तरी खरं सांगितलं असं व्हावं.

जाण्याचं कारण माझी बहीण ठगूबाई. माझ्या पाठची. लिंबायतला मुलाकडे राहते. नवरा गेल्यापासून तिने माहेर पाहिलं नव्हतं. कारण ऐकाल तर हसाल. तिला बस लागते. एसटीत पाय ठेवला की पोटातलं सगळं तोंडात. आमच्या गावाला रेल्वे नाही. मुलगा म्हणतो रजा नाही. त्या वर्षी गावच्या एका पोराबरोबर तिने निरोप पाठवला, "भाऊनी गाडीवर येसु. बसमा नही."

घरात मी सांगितलं, भाऊबीजेला सुरतेला जातो आणि ठगूला मागे बसवून आणतो. मोठा मुलगा हसला. "आबा, त्या गाडीला तुमच्याइतकीच वर्षं झाली."

"मग अजून पुष्कळ चालेल," मी म्हटलं.

"तिचे ब्रेक लागतात का?"

लागत होते. मागचा जरा खाली लागायचा. त्याचा नट मी शेवटच्या आट्यापर्यंत पिळला होता आणि आतल्या ब्रेकशूखाली डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून घातली होती. ती युक्ती मला कोणी शिकवलेली नाही. माझ्या गाडीला माझ्याशिवाय कोणाचा पाना लागलेला नाही. आमच्या घरची बाई मात्र चुलीजवळून बोलली, "वन्संना आणायलाच जाताय तर आणूनच या. मोकळी गाडी घेऊन आलात तर गल्लीत हसू होईल." मी म्हटलं, मोकळा येणार नाही.

पाडवा. कोंडाईबारी

साक्रीच्या पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो. चढताना गाडीने कुरकुर केली नाही. दोन पोरं नव्या मोटारसायकलवर मागून आली. तिला आवाजच नव्हता. शिलाई मशीन रस्त्यावर आणल्यासारखी. "बाबा, साइडला घ्या," म्हणे. मी घेतली नाही. त्यांना वळणापर्यंत मागे राहावं लागलं.

उताराला मात्र मागचा ब्रेक पायाखाली जाऊन बसला. ब्रेकवर घाट उतरतो तो शहाणा नव्हे, गिअरवर उतरतो तो शहाणा. मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. पण चाकातून खर्र खर्र आवाज यायला लागला तेव्हा समजलं, शूवरचं लायनर झिजून संपलं आणि आता लोखंड लोखंडाला घासतं आहे. पुढचा ब्रेक होता, पण तोही आजारी माणसाने हात धरावा तसा धरायचा. विसरवाडीला चहा घेतला आणि चाकावर बाटलीभर पाणी ओतलं. वाफ निघाली. चहावाला म्हणाला, "बाबा, गाडीला ताप आला." मी पैसे ठेवले आणि निघालो.

सोनगडच्या अलीकडेच पाट्या बदलतात. गुजराती अक्षरं आपल्यासारखीच, पण त्यांच्या डोक्यावरचं छप्पर उडालेलं. मी म्हटलं, ज्यांना अक्षरावर एक रेघ ओढायचा कंटाळा त्यांच्या गावाला मी चाललो.

चलथाण

सुरतेच्या अलीकडे चलथाणला साखर कारखाना आहे. गळीत सुरू होत होतं. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असे उभे की गावजेवणाची पंगत. मी दोन्ही ब्रेक दाबले. मागचा नुसताच ओरडला. पुढच्याने थोडं धरलं. पाय जमिनीला लावले, चपलांच्या टाचा गेल्या, आणि तरी मी एका ट्रॉलीच्या मागे लोंबणाऱ्या उसात तोंडानेच शिरलो. हळू शिरलो. पण शिरलो.

ऊसतोडीवाल्या बायांनी मला ओढून काढलं. बोलण्यावरून आमच्याच भागातल्या. त्यातली एक म्हणे, "बाबा, ऊस खाना व्हता ते मांगी लेता!" सगळ्या हसल्या. तिने एक कांडं मोडून माझ्या हातात दिलं. मी ते तिथेच उभा राहून खाल्लं. माझे दात माझेच आहेत. ऊस पाणचट होता.

लिंबायत. भाऊबीज

लिंबायत म्हणजे सुरत नव्हे आणि खानदेशही नव्हे. एका गल्लीत चार जिल्हे. या दारात अहिराणी, त्या दारात वऱ्हाडी, मधल्या दारात हिंदी, आणि रस्त्यावर खेळणारी पोरं कोणाचीही असोत, गुजरातीत भांडतात. मी पोहोचलो त्या दिवशी पाडवा, म्हणजे गुजराती लोकांचं नवं वर्ष. जो तो भेटतो आणि "साल मुबारक" म्हणतो. मी प्रत्येकाला सांगत गेलो, आमचं साल गुढीपाडव्याला बदलतं. कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

ठगू ओट्यावर उभी होती. म्हातारी झाली आहे. मला पाहून पदर डोळ्याला लावला आणि मग एकदम, "इतला उशीर का रे भाऊ? डाळ थंडी हुई गई."

भटू, तिचा मुलगा, लूमवर कामाला. नमस्कार करायला वाकला तो वाकलेलाच राहिला. मागच्या चाकाकडे बघत होता. हब निळा पडला होता. "मामा, हिला ब्रेक आहे का?"

"आहे. लागत नाही एवढंच."

"आणि हिच्यावर तुम्ही आईला घाटातून नेणार?"

मी मोरीत गेलो. हातपाय धुतले. तो बायकोला म्हणाला, मला ऐकू जाईल असं, "ब्रेक लागलेला माझ्या डोळ्यांनी बघेन, तेव्हाच आई त्या सीटवर बसेल. नाहीतर गाडी टेम्पोत घालतो आणि मामांना रेल्वेत." घर त्याचं, आई त्याची. बोलणं चुकीचं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

डाळीत गूळ होता. मी ठगूकडे पाहिलं. ती म्हणाली, "आठे असंच." म्हणजे इथे असंच. शेजारून आलेलं फरसाणही गोड. ज्या गावात मीठसुद्धा बहुतेक गोड असेल तिथे माणसं चिडत नाहीत म्हणतात. मला वाटतं त्यांना चिडायला ताकद राहत नसावी.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ठगूने पाटावर बसवून ओवाळलं. मी धुळ्याहून आणलेली साडी ताटात ठेवली. तिने घडी उघडली, कडेला बोट फिरवलं, उलटी केली आणि हसायला लागली. "भाऊ, हाई तर आमना गल्लीमा बनस." शेजारच्या कारखान्यात तोच ताणा, तीच किनार. इथून गाठोड्यात धुळ्याला गेली आणि मी ती फटफटीवर परत आणली. मी म्हटलं, धुळ्याच्या दुकानात ती शुद्ध झाली. तिने ती लगेच नेसली, आणि पिशवी भरायला लागली. चार लुगडी, पितळी डबी, नातवंडाचा फोटो. पिशवी दाराशी ठेवली. ब्रेकचं कोणी तिला काही सांगितलं नव्हतं असं नाही. तिने ऐकलं होतं आणि तरी भरली.

मी भटूला म्हटलं, "चल, लायनर घेऊ. तासाभराचं काम."

तो म्हणाला, "मामा, आज कोणी दुकान उघडत नाही. लाभपाचमीपर्यंत सुरत बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. पाचमीला मुहूर्त करतात, मग धंदा."

माझा विश्वास बसला नाही. मी स्वतः शेजारच्या उधन्यापर्यंत चालत गेलो. शटर, शटर, शटर. प्रत्येकावर झेंडूची माळ आणि खाली कुलूप. लूमही बंद. एरवी म्हणे त्या खडखडाटात शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी गल्ल्यांत माझ्या फाटक्या चपलांचा आवाज येत होता. आमच्याकडे बलिप्रतिपदेला वाणी दुकान उघडून बसतो, चिमूटभर हळद का होईना विकतो. आणि हे लोक व्यापारी म्हणून देशभर मिरवतात. व्यापाऱ्याने पाच दिवस दाराला कुलूप लावायचं म्हणजे गवळ्याने पाच दिवस गाय न पिळण्यासारखं आहे.

लूमचा ब्रेक

तिसऱ्या दिवशी भटूने वामन मास्टरला आणलं. हा त्यांच्या कारखान्यातला जॉबर, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. वऱ्हाडातला. खिशात पाना घालून झोपत असावा. त्याने चाक खोलायला लावलं. खोललं मी. शू हातात घेऊन तो म्हणाला, "काहून घाबरता बाबाजी? ब्रेक म्हणजे ब्रेक. धागा तुटला की आमचा लूम जागच्या जागी थांबते. तुमची गाडी काय लूमपेक्षा मोठी हाय?"

लूमलाही ब्रेक असतो हे मला माहीत नव्हतं. त्याच्या चाकाला चामड्याचा पट्टा आवळतो आणि ते थांबतं. वामनच्या घरात असा पट्टा पडलेला होता, जाड, तेल पिऊन काळा झालेला. मी म्हटलं, चामडं जळेल. तो म्हणाला, "बाबाजी, आपल्या हातचा ब्रेक आजपर्यंत फेल नाही गेला." भटू म्हणाला, "मामा, मास्टर सगळ्या सुरतेचे लूम थांबवतो." सगळ्या सुरतेचे लूम आधीच थांबलेले होते, पण मला निघायचं होतं.

त्याने चामडं शूच्या मापाने कापलं, कडा तासल्या, खिळे ठोकले. मी चाक चढवलं. गल्लीतल्या सगळ्या बाया ओट्यांवर. दिवाळी, म्हणून दारोदार रांगोळ्या. मोर, कमळं, एका दारात तर ताजमहाल. मी मधून गाडी काढली, थोडा वेग घेतला आणि ब्रेक दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली. खोटं बोलणार नाही, इतकी सुंदर ती नवी असतानाही थांबली नव्हती. वामन मास्टरने हात जोडून चारी बाजूंना नमस्कार केला. ठगू ओट्यावरून उठली, पिशवी उचलायला.

"मामा, अजून एकदा," भटू म्हणाला.

मी परत फिरून आलो आणि दाबला. या वेळी आतून कोणीतरी दात खाल्ल्यासारखा आवाज आला. चाक थांबलं ते थांबलंच. पाय काढला तरी सुटेना. चामड्याची कड उपटून दुमडली होती आणि शू नि ड्रमच्या मध्ये पाचर बसली होती. ना पुढे, ना मागे. गाडी गल्लीच्या तोंडाशी आणि ठगूचं घर दुसऱ्या टोकाला. तिथे रस्त्यावर चाक खोलायला जागा नव्हती, रिक्षावाले ओरडत होते. मग मी, भटू आणि वामन, तिघांनी गाडी ओढत आणली. मागचं चाक न फिरता नुसतं घासत. मोरावरून, कमळावरून, ताजमहालावरून. सबंध गल्लीत एक काळी रेघ.

बायांनी जे ऐकवलं ते चार भाषांत होतं. गुजराती मला समजलं नाही. वऱ्हाडी वामनला समजलं, तो खाली मान घालून ओढत होता. ताजमहालवाली आमच्याच तालुक्यातली निघाली. "बाबा, तुमी म्हातारा शेतस म्हणीसन सोडी देस!" मी तिला म्हटलं, बाई, ताजमहाल रांगोळीत काढायची वस्तू आहे का? ते थडगं आहे. दारात कोणी थडगं काढतं? तिने घरात जाऊन दार लावून घेतलं.

चामडं काढलं तेव्हा जळक्या चपलेचा वास घरभर झाला. वामन म्हणाला, "लूम एकाच बाजूला फिरते ना बाबाजी, म्हणून." मी विचारलं, आमची गाडी दोन्ही बाजूंना फिरते का? तो चहा न घेता गेला.

भटूने ओरडून नव्हे, हळू सांगितलं. "मामा, झालं. उद्या टेम्पो बघतो. आई नाही येणार."

ठगू उठली. तिने दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत नेली. मी भटूला एवढंच म्हटलं, "पाचमीपर्यंत थांबतो. दुकान उघडू दे. त्यानंतर तू म्हणशील ते."

बहिणीच्या घरी मी दोन रात्रींपेक्षा जास्त कधी राहिलेलो नाही. ते लांबलं. चौथीचा सबंध दिवस मी पॉलिश पेपरने ड्रम घासत बसलो. लोखंडाने पाडलेल्या चऱ्या बोटाला लागेनाशा होईपर्यंत. येणारा-जाणारा विचारायचा, "बाबा, भंगारात देणार?" सुरतेच्या माणसाला जुनी वस्तू दिसली की तो भंगाराचा भाव सांगतो. दुरुस्तीचा कोणी सांगत नाही. नातवंडांना टीव्हीवरून उठवून मी पाना कसा धरायचा ते दाखवलं. त्यांनी "सरस" म्हटलं आणि पुन्हा टीव्हीसमोर गेली.

लाभपाचम

पाचमीला भटू सकाळीच मला घेऊन उधन्याच्या मोठ्या रस्त्यावर गेला. "मामा, आपण पहिले गेलो पाहिजे. काही शेठ पूजा करतात, एक वस्तू विकतात आणि परत बंद करून घरी जातात." मी म्हटलं, वा रे व्यापार.

कांतीभाईचं स्पेअर पार्टचं दुकान. शेठ माझ्यापेक्षा थोडा लहान, पोट त्याच्यापुढे हातभर. पांढरेशुभ्र नवे कपडे, कपाळाला टिळा, भिंतीवर कुंकवाचं शुभ-लाभ, लक्ष्मीपुढे अगरबत्ती. आम्ही पायरी चढलो तसा तो गादीवरून अर्धा उठला. "आवो काका, आवो! साल मुबारक! पहेला घराक, मारा घरे लक्ष्मीजी आव्या!" आपल्या हाताने पेढा दिला. पेढा चांगला होता. या शहरात जे गोड असायला पाहिजे ते एक तरी गोड मिळालं.

मी माझे जुने शू कागदातून काढून समोर ठेवले. त्याने मागे हात घालून एक डबी काढली, नव्या शूची जोडी. पिवळा कागद, चकचकीत. मी चष्मा लावला. लायनरवर नख ओढलं, पांढरी रेघ उमटली. जुन्या शेजारी धरून पाहिलं. खिळीचं भोक ढिलं, अंगाने बारीक.

"हा पुठ्ठा आहे," मी म्हटलं.

"काका, एकदम फर्स्ट क्लास माल. बधा आ ज ले छे."

"सगळ्यांना घेऊ दे. मला माझी बहीण घाटातून न्यायची आहे. पुठ्ठ्यावर नाही नेणार." मी शू कागदात गुंडाळले आणि उठलो.

शेठचा चेहरा उतरला. भटू माझी बाही ओढायला लागला. शेठ म्हणाला, "अरे काका, बेसो, बेसो! खाली हाथे ना जवाय! कंई पण लो. आरसो लो. हॉर्न लो."

"माझा हॉर्न वाजतो."

"तो बल्ब लो. एक बल्ब!"

"ब्रेक मागितला तर बल्ब देतोस? अंधारात आपटू नये म्हणून?"

"लई जाव, मफत लई जाव!" असं त्याच्या तोंडून गेलं आणि त्याने स्वतःच जीभ चावली.

"फुकट घ्यायला मी भिकारी दिसलो का?" मी पायरी उतरलो.

भटूने मला तिथेच धरलं आणि कानाशी बोलला. "मामा, फुकट त्यालाही चालत नाही, विक्री व्हावी लागते. आपल्याकडे रोजची भवानी असते ना, तशी ही वर्षाची भवानी आहे. आजचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने उतरलं की त्याचं वर्ष गेलं. घ्या हो एक बल्ब, पाया पडतो."

भवानीचं गिऱ्हाईक आमच्याकडेही कोणी परत लावत नाही. पण आमची भवानी सकाळी हुकली तर दुपारी विसरता येते. यांनी सबंध वर्ष एका माणसाच्या हातात ठेवलं होतं, आणि तो माणूस मी होतो.

मी परत पायरी चढलो आणि गादीवर बसलो. मांडी घालून.

"शेठ, घेतो. पण नवे शू नकोत. माझ्याच शूला नवी पट्टी मारून दे. तांब्याच्या रिबिटी. आत्ता, इथे."

"काका, ए काम हवे कोण करे छे? माणस नथी. बधा गाम गया."

"मग मी चाललो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग लक्ष्मीच्या फोटोकडे. मग पुन्हा माझ्याकडे. म्हणाला, "काका, तमे माणस छो के ताळुं?" माणूस आहात की कुलूप.

मी म्हटलं, "कुलपं तुमच्या गावात. पाच दिवस मोजतो आहे."

तेव्हा तो हसला. सगळं पोट हललं. नव्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, शिडी लावून स्वतः माळ्यावर चढला आणि एक गंजकी पेटी खाली आणली. त्याच्या बापाची. बाप म्हणे याच दुकानाच्या पायरीवर बसून ट्रकचे ब्रेक भरायचा. पेटीत लहानशी ऐरण, घण, रिबिटी आणि लायनरच्या पट्टीची गुंडाळी, जुनी, दगडासारखी कडक. मी नख ओढलं. रेघ उठली नाही.

शेठने पट्टी कापली, भोकं पाडली, ठोकायला बसला. किती वर्षांनी हात लावला असेल कोणास ठाऊक. पहिली रिबिट वाकडी. मी म्हटलं, "तुझ्या बापाने कानाखाली मारली असती." दुसरी वर राहिली. मी बोट फिरवून दाखवलं, "ही ड्रम खरवडेल. खाली बसव." तो घामाघूम झाला, कपाळाचा टिळा गालावर आला, सदऱ्यावर काळे पट्टे. मुहूर्ताला आलेली दुसरी माणसं पायरीवर उभी राहून बघत होती. कोणी म्हणालं, "कांतीभाई, नवा वर्षमां मिकॅनिक थया?" तो म्हणाला, "शुं करुं, लक्ष्मीजी जिद्दी आव्या." त्यावर मलाही हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. मागचे दोन झाल्यावर मी खिशातून पुढच्या चाकाचे दोन काढले. त्याने घाम पुसला. तेही भरून दिले.

त्याने सांगितले तेवढे पैसे मी ठेवले. घासाघीस केली नाही. त्याने नोट कपाळाला लावली आणि लक्ष्मीपुढे ठेवली. पुन्हा पेढा दिला. मग मी पायरी उतरलो आणि मागे शटर पडलं. कांतीभाई घरी गेला, कपडे बदलायला.

दुपारी मी दोन्ही चाकं चढवली. पत्र्याची पट्टी काढून फेकली, आता तिची गरज नव्हती. नट अर्ध्यावरच आला. गल्लीत गाडी फिरवून भटूला थांबवून दाखवली. त्याने तीनदा करायला लावलं. मग स्वतः मागे बसून करायला लावलं. शेवटी म्हणाला, "ठीक छे मामा. पण घाटात सावकाश." मी म्हटलं, तू मला घाट शिकवू नको. आतल्या खोलीतून ठगूने पिशवी आणून पुन्हा दाराशी ठेवली. तिने भटूलाही विचारलं नाही आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घर उठायच्या आत, मी गाडी ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. तिथे एका बांधकामाची वाळू पडली होती. एका रिकाम्या पोत्यात मी वाळू भरली. उचलून पाहिली, थोडी काढली, थोडी घातली, ठगूच्या वजनाचं पोतं होईपर्यंत. दोरीने मागच्या सीटवर बांधलं. रेल्वेखालून रस्ता जातो त्या गरनाळ्याच्या उतारावर गेलो. उतारावर वेग घेतला आणि मधोमध ब्रेक दाबला. गाडी थांबली. वर जाऊन पुन्हा खाली आलो, या वेळी जास्त वेगाने. थांबली. मग फक्त मागच्यावर. मग फक्त पुढच्यावर. मग इंजिन बंद करून, गिअर काढून, नुसत्या ब्रेकवर. पोतं माझ्या पाठीला येऊन टेकलं आणि गाडी उभी राहिली. हब हाताने चाचपला. कोमट होता.

वाळू परत ढिगात ओतली, पोतं झटकलं आणि घरी आलो. ठगू नवी साडी नेसून, डोक्याला फडकं बांधून ओट्यावर बसली होती.

"कथा गयथा रे भाऊ, इतला सकाळमा?"

"पेट्रोल टाकाले," मी म्हटलं. "चाल, बस."